सेन्सर आपले आपण पसरतात हे खरं, पण ते थांबतात कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या विज्ञानाच्या पानावर मागे सेन्सर नेटवर्कवर एक लेख आला होता, त्यात एक वाक्य असं होतं की आता सेन्सर नुसते नेऊन टाकायचे, ते आपले आपण पसरतात आणि सगळा भाग कव्हर करतात. सोबत दोन चित्रं होती, डावीकडे एका कोपऱ्यात गर्दी केलेले ठिपके आणि उजवीकडे तेच ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले. लेख छान होता, मराठीत या विषयावर कोणीतरी लिहितंय याचंच मला खूप बरं वाटलं, पण ते वाक्य आणि ती दोन चित्रं काही डोक्यातून जाईनात म्हणून हे पत्र. मी हाच विषय शिकवतो आणि दरवर्षी पोरांच्या प्रोजेक्टमध्ये हीच दोन चित्रं बघतो, आधी आणि नंतर, आणि मधे काय झालं ते कोणी दाखवतच नाही. पत्र लांबलंय, जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त बॅटरीचा हिशोब आणि होलचा, म्हणजे कुठल्याच सेन्सरला न दिसणाऱ्या जागेचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी हे सगळं कशासाठी ते सांगतो. सेन्सर नोड म्हणजे एक छोटी डबी, आत साधा प्रोसेसर, एक रेडिओ, एखाद-दुसरा सेन्सर आणि बॅटरी. तापमान, धूर, गॅस, हादरे, जे काय मोजायचं ते मोजायचं आणि शेजारच्या नोडला सांगायचं, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत करत माहिती बेस स्टेशनपर्यंत, म्हणजे ती गोळा करणाऱ्या मुख्य ठाण्यापर्यंत पोचते. जिथे माणूस जाऊ शकतो तिथे हे नोड हाताने ठेवावेत, त्याहून चांगली पद्धत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. २००२ साली अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाच्या बेटावर ३२ नोड बसवले होते, समुद्रपक्ष्यांच्या बिळांत आणि आजूबाजूला, पक्ष्यांना माणसांच्या ये-जा करण्याचा त्रास नको म्हणून, आणि ते माणसांनीच जागा बघून बसवले. पण जिथे माणूस जाऊच शकत नाही तिथलं काय, कोसळलेली इमारत, गॅस गळती झालेला कारखाना, पेटलेलं जंगल, किरणोत्सर्ग पसरलेली अणुभट्टी? २०११ मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर क्विन्स नावाचा जपानी रोबो आत पाठवला होता, त्याच्याशी संपर्क केबलने होता कारण इतक्या जाड काँक्रीटमधून रेडिओचा भरवसा नाही, आणि ऑक्टोबरमध्ये दोन नंबर रिअॅक्टरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती केबल तुटली आणि रोबो तिथेच राहिला. अशा ठिकाणी दर वळणावर एकेक रेडिओ नोड स्वतः चालत जाऊन बसला तर केबलची गरजच उरत नाही. म्हणून मला हा विषय नुसता शोधनिबंध छापण्यापुरता वाटत नाही, यात खरोखर कोणाचा तरी जीव अडकलेला असू शकतो.

आता कोणी म्हणेल की चालणारे नोड कशाला, विमानातून भरपूर साधे नोड टाकून द्या, पडतील तिथे पडतील. याचा हिशोब फार सुंदर आहे आणि तो लेखात यायला हवा होता. समजा प्रत्येक सेन्सरला आपल्याभोवती ठराविक त्रिज्येच्या वर्तुळातलं कळतं. मोठं मैदान कमीत कमी वर्तुळांत झाकायचं असेल तर नोड त्रिकोणी जाळीत मांडायचे, दोन शेजाऱ्यांमधलं अंतर त्रिज्येच्या १.७३ पट, याहून कमी वर्तुळांत होत नाही हे रिचर्ड कर्शनर या गणितज्ञाने १९३९ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा सगळ्या वर्तुळांच्या क्षेत्रफळाची बेरीज मैदानाच्या साधारण १.२१ पट भरते, म्हणजे एकमेकांवर चढून वाया जाणारा भाग अगदी थोडा. आता तेवढेच नोड वरून कसेही टाका, संभाव्यतेच्या हिशोबाने सरासरी ७० टक्केच मैदान झाकलं जातं, ३० टक्के उघडं. ९९ टक्के हवं असेल तर नोड जवळजवळ ३.८ पट लागतात, आणि तरीही तो उरलेला एक टक्का कुठे आहे ते तुम्हाला माहीत नसतं. हे सपाट मोकळ्या मैदानाचं झालं, त्यात झाडं, भिंती, उतार आले की आणखी वाईट. त्यामुळे नोडला पाय किंवा चाकं किंवा पंख देऊन त्याला म्हणायचं की बाबा तू जरा सरकून बस, ही कल्पना मुळात अगदी बरोबर आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

सरकायचं कसं यावर जी पहिली चांगली युक्ती आली ती २००२ मध्ये साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अँड्र्यू हॉवर्ड, माया मातारिच आणि गौरव सुखात्मे यांनी मांडली. लिफ्टमध्ये माणसं शिरली की कोणी न सांगता एकमेकांपासून लांब लांब उभी राहतात ना, तसंच. प्रत्येक नोडने असं समजायचं की शेजारचा नोड आणि भिंत आपल्याला ढकलतायत, जितकं जवळ तितकं जोरात, आणि त्या सगळ्या ढकलण्याची बेरीज करून जी दिशा येईल तिकडे सरकायचं. रोबोला अडथळ्यांपासून वाचवायला अशी खोटी बलं वापरायची कल्पना ओसामा खातिब यांची, १९८६ च्या सुमाराची, यांनी ती अख्ख्या घोळक्याला लावली. यात मला सगळ्यात आवडतं ते हे की कोणी मुख्य नाही, नकाशा नाही, आपण पृथ्वीवर नक्की कुठे आहोत हेही माहीत असायची गरज नाही, फक्त शेजारी आणि भिंत किती लांब आणि कुठल्या दिशेला एवढं दिसलं की पुरे. मग २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या यी झोउ आणि कृष्णेंदु चक्रवर्ती यांनी यात ओढणारं बलही घातलं, म्हणजे शेजारी फार लांब गेला तर त्याच्याकडे ओढलं जायचं, म्हणजे मधे फट पडत नाही आणि संपर्क तुटत नाही. २००४ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या गुइलिंग वांग, गुओहाँग काओ आणि थॉमस ला पोर्टा यांनी व्होरोनॉय आकृती वापरली, म्हणजे मैदानातला प्रत्येक बिंदू ज्या नोडला सगळ्यात जवळ तो त्या नोडच्या वाट्याचा, आणि आपल्या वाट्याचा जो कोपरा आपल्याला दिसत नाही तिकडे नोडने सरकायचं. त्याच वर्षी होर्हे कोर्तेस, फ्रान्चेस्को बुल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रत्येक नोड सतत आपापल्या वाट्याच्या मध्याकडे सरकत राहिला तर सगळे मिळून एका चांगल्या मांडणीत येऊन स्थिरावतात. ती मांडणी सगळ्यात उत्तमच असेल असं मात्र नाही, आणि हे त्यांचं गणितच सांगतं.

आता माझा मुद्दा. हे सगळे नियम सरकायचं कसं ते सांगतात, पण थांबायचं कधी? ढकलाढकलीच्या नियमात नोड स्वतःहून थांबतच नाही, दोन्हीकडून ढकललं गेलं की मधे हेलकावे खात राहतो, त्याच्या हलण्याने शेजारी हलतो, शेजाऱ्याच्या हलण्याने त्याचा शेजारी. हॉवर्ड आणि मंडळींना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी समीकरणात घर्षण घातलं, घर्षणाने हळूहळू जोर संपतो आणि घोळका स्थिर होतो. चांगलं आहे, पण ते घर्षण किती ठेवायचं? कमी ठेवलं तर नोड बराच वेळ उगाच डुलत राहणार, जास्त ठेवलं तर पसरायच्या आधीच बसणार. कॉम्प्युटरवर हा आकडा बदलून बदलून बघता येतो, चित्र छान आलं की तो आकडा ठेवायचा. खऱ्या चिखलात, राडारोड्यात, जिन्यावर तो आकडा कोण बदलणार? आणि दारातून पलीकडच्या खोलीत जायचं असेल तर अजूनच अडचण, दाराच्या दोन्ही चौकटी नोडला ढकलतात, दार अरुंद असेल तर सगळे नोड अलीकडेच राहतात, अगदी शांत, स्थिर, आणि पलीकडची खोली रिकामी. नोडच्या दृष्टीने काम झालं, बलं शून्य झाली. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरही सगळं थांबलेलं दिसतं आणि बघणारा म्हणतो झालं डिप्लॉयमेंट, म्हणजे नोड जागोजागी बसवून झाले. थांबणं आणि काम पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन चित्रांमध्ये त्या एकच वाटतात, माझी तक्रार एवढीच आहे.

आता बॅटरीचा हिशोब, हा मी मुद्दाम सविस्तर देतो कारण याच्यावर कोणी बोलत नाही. सेन्सर नेटवर्कच्या संशोधनात वर्षानुवर्षं जे नोड वापरले गेले, मायकाझेड, टेलॉस बी, त्यांच्यात सीसी२४२० नावाची रेडिओ चिप असायची. ती नुसती ऐकत असताना १८.८ मिलीअँपिअर घेते आणि पूर्ण जोराने पाठवताना १७.४, हो, ऐकायलाच किंचित जास्त. दोन पेन्सिल सेलमध्ये साधारण २५०० मिलीअँपिअर-तास धरले तर रेडिओ सलग चालू ठेवल्यावर साडेपाच दिवसांत सेल संपले. म्हणून रेडिओ झोपवून ठेवतात, शंभरातला एक क्षण जागा, मग फक्त रेडिओचा विचार केला तर दीड वर्ष निघतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता त्याच डबीला चाकं लावा आणि समजा मोटर १५० मिलीअँपिअर घेते, हे मी कमीच धरतोय, चढावर किंवा अडकल्यावर ते कितीतरी वाढतं. दहा मिनिटं चालला की २५ मिलीअँपिअर-तास गेले, म्हणजे बॅटरीचा एक टक्का. ऐकायला काहीच नाही वाटत, पण तेवढ्याच चार्जमध्ये तो रेडिओ, शंभरातला एक क्षण जागा राहून, साडेपाच दिवस चालला असता. दहा मिनिटांच्या डुलण्याची किंमत साडेपाच दिवस! आणि उलट बाजूने बघा, हे रेडिओ ज्या नियमांनी बोलतात त्या आयट्रिपलई ८०२.१५.४ या स्टँडर्डमध्ये सगळ्यात मोठं पॅकेट, म्हणजे एका वेळी पाठवायचा माहितीचा तुकडा, १२७ बाइटचं, २५० किलोबिट वेगाने ते पाठवायला चार मिलिसेकंद लागतात. मोटर एक सेकंद चालवायला जेवढा चार्ज जातो तेवढ्यात अशी दोन हजारांहून जास्त पॅकेट पाठवता येतात. ऐकण्याचा खर्च वेगळा धरला तरी फरक प्रचंड राहतो. म्हणजे नोडने शेजाऱ्यांशी भरपूर बोलून घ्यावं, पक्कं ठरवावं, आणि मगच चालावं.

आणि गंमत नाही, हे लोकांनी करून ठेवलंय, पण ते पोरांच्या प्रोजेक्टमध्ये येत नाही कारण त्याचं चित्र आकर्षक नसतं. ड्यूकच्या त्या पद्धतीत सगळी ढकलाढकल क्लस्टर हेड म्हणजे गटाचा मुख्य नोड मनातल्या मनात करतो आणि शेवटच्या जागा ठरल्यावर प्रत्येकजण एकदाच सरळ रेषेत जातो. पण त्यात मुख्य नोड लागतो, तो मेला तर सगळं अडतं. वांग, काओ आणि ला पोर्टा यांनी मुख्य नोड न ठेवता तेच केलं, नोड प्रत्यक्षात जागेवरच बसून राहतो, त्याच्या पुढच्या जागेजवळ जो दुसरा नोड असेल तो त्याच्या वतीने शेजाऱ्यांशी बोलतो, आणि सगळं ठरल्यावरच चाकं फिरतात. त्यांचीच आणखी एक पद्धत मला फार आवडते, काही नोड स्थिर आणि काही चालणारे असा मिश्र घोळका असेल तेव्हाची, आणि खर्चाच्या दृष्टीने खरं तर हेच परवडतं, कारण सगळ्यांना चाकं लावायची गरजच काय. त्यात लिलाव होतो. स्थिर नोडला आपल्या शेजारी भोक दिसलं की तो त्या भोकाच्या आकाराएवढी बोली लावतो, आणि चालणाऱ्या नोडची किंमत म्हणजे तो उठून गेला तर त्याच्या मागे जेवढं भोक पडेल तेवढी. बोली किंमतीपेक्षा जास्त असेल तरच तो उठतो. एकदा कामाच्या जागी बसला की त्याची किंमत वाढते, मग छोट्या-मोठ्या बोलीने तो उठत नाही, आणि कोणाचीच बोली पुरत नाही तेव्हा सगळं आपोआप थांबतं. बघा, इथे थांबण्याला कारण आहे! नोड थांबला कारण उठण्यात फायदा नाही हे त्याला कळलं, घर्षणाने दमून थांबला असं नाही. मला वाटतं स्वतः डिप्लॉय होणाऱ्या कुठल्याही नेटवर्कला पहिला प्रश्न हाच विचारावा, तुझा हा नोड इथे का थांबला.

मग येतो वर्तुळाचा प्रश्न. वरचा सगळा हिशोब वर्तुळावर आहे आणि खऱ्या जगात वर्तुळ नसतंच. गॅसच्या सेन्सरला त्याच्यापर्यंत जी हवा येते तेवढीच कळते, वारा उलटा असला तर चार हातांवरची गळती कळत नाही आणि सुलटा असला तर लांबची कळते. कॅमेऱ्याला आणि माणसाच्या शरीराची उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरला एका दिशेचा पंख्यासारखा पसरत जाणारा भाग दिसतो, मागचं काही नाही. रेडिओचंही तसंच, या नोडच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी, ओली पानं, माणसाचं शरीर सगळ्यात शोषल्या जातात, आणि एका नोडला दुसऱ्याचं ऐकू येतं पण दुसऱ्याला पहिल्याचं नाही असं सर्रास होतं. पुस्तकात एक सुंदर नियम आहे की रेडिओची रेंज सेन्सरच्या रेंजच्या निदान दुप्पट असेल तर कव्हरेज पूर्ण झालं की नेटवर्कही आपोआप जोडलेलं असतं, वेगळी काळजी नको. नियम खरा आहे, सिद्ध झालेला आहे, पण मोकळ्या मैदानात आणि वर्तुळं धरून. मधे एक काँक्रीटची भिंत आली की तो लागू नाही, आणि आपल्याला हे नोड नेमके भिंतींमध्येच पाठवायचेत ना.

जागेचंही तेच. मी इथे आहे हे नोडला कळणार कसं, उघड्यावर जीपीएस आहे, तेही काही मीटर इकडे-तिकडे, आत गेलं की ते पण नाही. आणि सिग्नलच्या जोरावरून अंतर काढणं म्हणजे बंद जागेत जवळजवळ अंदाजच, भिंतींवरून परत येणारे सिग्नल सगळं बिघडवतात. जाता जाता, ज्या कर्शनर यांनी वर्तुळांनी मैदान झाकायचं गणित सोडवलं त्यांनीच पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिट या उपग्रह नेव्हिगेशनच्या कामाचं नेतृत्व केलं, जीपीएसच्या आधीची ती यंत्रणा. कुठे बसायचं आणि आपण कुठे आहोत, या दोन्ही प्रश्नांना एकाच माणसाचा हात लागलाय हे मला दरवेळी शिकवताना सांगावंसं वाटतं.

आता होलचं, म्हणजे कव्हरेजमधल्या भोकाचं, आणि ही सगळ्यात गंभीर गोष्ट. नोड कमी पडले, भोक राहिलं, हे मी समजू शकतो. पण भोक आहे आणि नेटवर्कला माहीतच नाही, स्क्रीनवर सगळं हिरवं, हे मला सहनच होत नाही. बचावाचं पथक त्या हिरव्या रंगाकडे बघून आत शिरणार, गॅस नाही म्हणून मास्क काढणार, आणि तिथे गॅस नाही याचा अर्थ तिथे सेन्सरच नाही असा असू शकतो. यावर फार मोलाचं काम झालंय, विन द सिल्वा आणि रॉबर्ट घ्रिस्ट यांचं, २००६-०७ च्या आसपासचं. त्यांनी होमोलॉजी ही गणिताची शाखा वापरली, नुसतं शुद्ध गणित म्हणून ओळखली जाणारी, आणि दाखवलं की नोडच्या जागा माहीत नसल्या तरी, फक्त कोणाला कोणाचं ऐकू येतं एवढ्या यादीवरून, काही अटी पाळल्या तर आत भोक नाही याची खात्री देता येते. तीन नोड एकमेकांना ऐकतात म्हणजे त्यांच्यामधला त्रिकोण भरलेला धरायचा, असे त्रिकोण जोडत जायचे आणि एखादी साखळी अशी उरते का बघायचं की जिच्या आतली जागा त्रिकोणांनी भरतच नाही. उरली तर तिथे भोक असू शकतं. त्यातही सीमेवरच्या नोडबद्दल अटी आहेत, आणि कधी कधी भोक नसतानाही ही पद्धत खात्री देत नाही, पण ती चुकते ती सावधपणाच्या बाजूने चुकते, आणि मला असंच नेटवर्क हवंय. स्वतः डिप्लॉय झालेल्या नेटवर्कने शेवटी दोन रंग दाखवावेत, इथे मी बघतोय आणि इथलं मला सांगता येत नाही. हे प्रोजेक्टच्या मार्कांतही धरलं पाहिजे असं मी आमच्याकडे सांगत असतो.

प्रत्यक्षात हे कुठे चाललंय का, तर चाललंय, पण लेखात लिहिलं तितकं सोपं नाही. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने २०१८ पासून जमिनीखालच्या शोधाची स्पर्धा घेतली, बोगदे, गुहा, भुयारी स्टेशन, तिची फायनल सप्टेंबर २०२१ मध्ये लुईव्हिल इथल्या एका मोठ्या भुयारात झाली आणि सर्बेरस नावाची टीम जिंकली. तिथे बऱ्याच टीमचे रोबो जाताना मागे छोटे रेडिओ नोड टाकत जायचे, सिग्नल कमी व्हायला लागला की एक टाक, वळण आलं की एक टाक. एकदा टाकलेला नोड परत हलत नाही, म्हणजे पूर्ण स्वयंचलित पसरणं नाहीच, तरीही काम होतं, कारण थांबण्याचं कारण पक्कं आहे, सिग्नल. दुसरीकडे हार्वर्डच्या किलोबॉटचं बघा, २०१४ मध्ये मायकेल रुबेनस्टाइन, अलेहांद्रो कोर्नेहो आणि राधिका नागपाल यांनी १०२४ बारके रोबो कोणाच्याही सूचनेशिवाय दिलेल्या आकारात उभे केले, प्रत्येकाला फक्त जवळच्यांचंच कळायचं. अप्रतिम काम, पण सपाट टेबलावर, आणि एक आकार व्हायला जवळपास बारा तास. समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणाऱ्या आर्गो प्रकल्पाचे जवळजवळ चार हजार फ्लोट, म्हणजे तरंगती यंत्रं, समुद्रात आहेत, ते स्वतः फक्त वर-खाली जातात, दोन हजार मीटरपर्यंत बुडतात आणि साधारण दर दहा दिवसांनी वर येऊन माहिती पाठवतात, आडवं नेतो तो प्रवाह, त्यामुळे जाळं विरळ झालं की जहाजातून नवे सोडावे लागतात. आणि लून प्रकल्पाचे इंटरनेटचे फुगे वर-खाली होऊन वेगवेगळ्या दिशांचे वारे पकडायचे, २०२० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात त्यांनी छापलं की मशीन लर्निंगने शिकवलेला कंट्रोलर पॅसिफिकवर ३९ दिवस चालवून बघितला. जानेवारी २०२१ मध्ये तो प्रकल्पच बंद झाला, खर्च जमला नाही. पण कमी ताकदीत, निसर्ग जिकडे नेतोय त्याचा फायदा घेत जागेवर टिकायचं, ही दिशा मला चाकांपेक्षा जास्त आशेची वाटते.

आपल्या पेपरला माझी विनंती अशी आहे की पुढच्या वेळी असा लेख आला की त्या दोन चित्रांसोबत तीन आकडे मागा, नोड सरासरी किती चालले, सगळ्यात जास्त चाललेला किती चालला, आणि शेवटी प्रत्येकाकडे किती बॅटरी उरली. सरासरीवर विश्वास ठेवू नका, कारण घोळक्याच्या कडेचे नोड सगळ्यात जास्त चालतात आणि तेच आधी मरतात, म्हणजे कडेचं कव्हरेज आधी जातं. आणि तिसरं चित्र मागा, पसरून झाल्यावर दहा-बारा नोड कुठलेही बंद करा आणि मग काय होतं ते दाखवा. यावरही उत्तरं आहेत, त्याच वांग, काओ आणि ला पोर्टा यांनी २००५ मध्ये मांडलेलं मला पटतं, एखादा नोड मेला आणि जास्तीचा नोड फार लांब असला तर त्याला एकट्याला एवढं चालवायचं नाही, त्या वाटेवरच्या प्रत्येक नोडने एकेक पाऊल पुढे सरकायचं, लांबच्याने जवळच्याची जागा घ्यायची, त्याने पुढच्याची, असं करत भोक भरायचं. भोक लवकर भरतं आणि कोणा एकाची बॅटरी संपत नाही. एकूण अंतर कधी कधी थोडं जास्त होतं, चालेल. यावर कोणी सोप्या मराठीत लिहिणारं असेल तर जरूर लिहून घ्या, नाहीतर मी लिहून पाठवतो, आकृत्या पण काढून देईन, पोरांना शिकवताना काढलेल्या तयारच आहेत.

आपला,
एक नियमित वाचक